घरच्या संगणकास तार की वारा?

सांप्रत आपल्या गावी ज्या घरातील मूल आठवी-नववीस पोचले, त्या घरी संगणकाचा विषय निघतोच. आणि संगणक आला म्हणजे त्याच्या पाठोपाठ इंटरनेटची जोडणीही येते. ती घ्यावी की न घ्यावी, हा वाद आता संपल्यात जमा आहे. १९९५ सालच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने ही सेवा आपल्या देशात सर्वसाधारण लोकांस खुली केली, त्या वेळी ती मोठ्या शहरांतील थोड्या लोकांची चैन होती. आज शिष्यवृत्तीचा अर्ज तिच्यावाचून होत नाही, आणि २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही सबंध महाराष्ट्रात याच मार्गाने होऊ लागला आहे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा तर कित्येक महिने शाळाच या तारेवरून घरी आली होती. त्या दिवसांत गुरुजींचा चेहरा पडद्यावर मध्येच गोठे, आवाज तुटे, आणि समीकरणाची दुसरी बाजू काय होती हे विद्यार्थ्यांस कळावयाच्या आत फळा पुसलेला असे; हे ज्यांनी अनुभवले ते विद्यार्थी आज महाविद्यालयांत आहेत.

म्हणूनच पालक जोडणी घेताना पुष्कळ चौकशी करतात. कंपनी कोणती, महिन्याचे पैसे किती, वेग किती, हे ते दहा ठिकाणी विचारतात. परंतु घराच्या भिंतीवरील पेटीपर्यंत आलेली ती जोडणी तेथून मुलाच्या मेजावरील संगणकापर्यंत कशी न्यावी, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पेटी बसवावयास आलेला माणूस घाईत असतो. त्यास दुपारपर्यंत आणखी चार घरे करावयाची असतात. तो दहा मिनिटांत जे करून जातो तेच पुढे पाच वर्षे चालते, आणि वर्ग तुटू लागला की दोष कंपनीस, पावसास किंवा मुलाच्या आळसास लागतो. या शेवटच्या वीस-पंचवीस फुटांविषयी प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यास पुढे वाचावयाचे नसेल त्याचा वेळ वाचेल. जो संगणक एका जागी ठेवावयाचा आहे आणि ज्यावर मुलाने अभ्यास करावयाचा आहे, त्यास इथरनेटची तारच द्यावी. वायफाय फोनांसाठी असू द्यावे. आणि मोडेमच्या पाठीस यूएसबीचे तोंड असले, तरी संगणक त्या तोंडास लावू नये.

या शेवटच्या वाक्यापासूनच आरंभ करू. कारण तो प्रश्न जुना आहे आणि त्याच्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मुंबई-पुण्यात हॅथवेसारख्या कंपन्यांनी दूरदर्शन संचाच्याच जाड काळ्या केबलीतून इंटरनेट देण्यास आरंभ केला, तेव्हा घरोघरी केबल मोडेम आले. पुढे २००५ मध्ये भारत संचार निगमाने टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड दिले, तेव्हा लहान गावांतही तशाच पेट्या आल्या. त्यांतील पुष्कळ पेट्यांना दोन तोंडे असत: एक रुंद, चौकोनी, टेलिफोनच्या खटक्यासारखे परंतु त्याहून मोठे, ते इथरनेटचे, आणि दुसरे लहान, ते यूएसबीचे. संगणकास त्या काळी इथरनेटचे तोंड असेलच असे नसे. त्यासाठी वेगळे कार्ड विकत घ्यावे लागे, संगणकाची पेटी उघडावी लागे. यूएसबी मात्र प्रत्येकास असे. तेव्हा ‘कार्डाचे पैसे कशाला? हे लावा, चालते,’ असे म्हणून यूएसबीच लावून दिली जाई. आणि ती चाले, यात शंका नाही. पहिल्या दिवशी सर्वच चालते.

यूएसबी ही वस्तू वाईट आहे असा कोणी ग्रह करून घेऊ नये. १९९६ साली तिचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. ती निर्माण करणाऱ्या मंडळींत इंटेल कंपनीचे अजय भट्ट हे प्रमुख होते, आणि त्यांचे शिक्षण बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालेले. तिच्यापूर्वी संगणकास कळफलक एका तऱ्हेच्या खटक्याने, छपाईयंत्र दुसऱ्या, आणि मोडेम तिसऱ्याच तऱ्हेच्या खटक्याने जोडावे लागे. तो सर्व घोळ तिने एका खटक्यात मिटविला. परंतु संगणकाच्या हाताखाली राबणारी उपकरणे त्यास जोडण्यासाठी ती केलेली आहे. त्या घरात धनी एकच, तो म्हणजे संगणक. बाकीचे सर्व त्याचे चाकर. मोडेम हा तसा चाकर नव्हे. तो गावच्या वाटेवरील दरवाजा आहे. आणि दरवाजा एकाच माणसाच्या हाताला बांधून ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

याचे परिणाम लगेच दिसतात. यूएसबीने जोडलेल्या मोडेमला संगणकात ड्रायव्हर म्हणून एक वेगळा प्रोग्रॅम घालावा लागे. तो एका तबकडीवर येई. ती तबकडी दिवाळीच्या साफसफाईत हरवे. दोन-तीन वर्षांनी संगणकातील मूळ विंडोज बदलली की जुना ड्रायव्हर तिच्याशी जुळत नसे, आणि धडधाकट मोडेम निकामी ठरे. इथरनेटच्या तारेस मोडेमपुरता असा कोणताच प्रोग्रॅम लागत नाही. संगणकाचे इथरनेट चालते आहे एवढे पुरे. शिवाय यूएसबीची साधी तार पाच मीटरपर्यंतच भरवशाची असते. इथरनेटची तार १०० मीटर जाते. म्हणजे पहिल्या प्रकारात मोडेम जेथे, तेथेच अभ्यासाचे मेज. दुसऱ्या प्रकारात मोडेम सोप्यात आणि मेज माडीवर, असे खुशाल होऊ शकते.

आता वेग पाहा. त्या जुन्या मोडेमांतील यूएसबीची पहिली पिढी सेकंदास जास्तीत जास्त १२ मेगाबिट वाहून नेई; इथरनेट १९९५ पासूनच १०० मेगाबिटांचे होते, आणि १९९९ पासून तशाच तांब्याच्या तारेवर १,००० मेगाबिटांचे झाले. आपल्या शिरोळ तालुक्यातील मुलांस हे समजावयास कठीण नाही. पाटास पाणी कितीही सुटो, उसास तेवढेच मिळते जेवढे बांधावरील दार उघडे असते. त्या काळी पाटासच पाणी बेताचे होते. सरकारी व्याख्येत सेकंदास २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड, ही २००४ सालची गोष्ट. म्हणून अरुंद दाराची अडचण कोणास भासली नाही. ती व्याख्या २०२३ मध्ये २ मेगाबिटांवर आली, आणि घरोघरी मिळणारा वेग तर तिच्या कितीतरी पुढे गेला. ज्यांनी पहिल्याच दिवशी रुंद दार बसविले त्यांस पुढे काही बदलावे लागले नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. मोडेम थेट एका संगणकास जोडला, मध्ये राउटर नाही, तर तो संगणक सर्व जगाच्या वाटेवर उघडा पडतो. २००३ सालच्या ऑगस्टात ब्लास्टर नावाचा विषाणू पसरला. त्यास कोणी पत्र उघडावे लागत नव्हते, कशावर बोट दाबावे लागत नव्हते; विंडोजची दुरुस्ती न केलेला संगणक वाटेवर उघडा आहे एवढेच त्यास पुरे होते. पुढल्याच वर्षी सॅसर आला, तोही त्याच जातीचा. ज्या घरी मोडेम आणि संगणक यांच्यामध्ये राउटर होता, तेथे हे पाहुणे बहुधा दारातूनच परत गेले. कारण आतून कोणी बोलाविल्यावाचून बाहेरचा संदेश राउटर सहसा आत घेत नाही. यूएसबीच्या तोंडास मात्र राउटर लावताच येत नसे.

आजच्या पेट्यांना हे जुने यूएसबी-तोंड बहुधा नसते. असले तर ते छपाईयंत्रासाठी किंवा साठवणीच्या पेनड्राइव्हसाठी असते. आपल्याकडे आता केबलवाल्याकडून बहुधा काचेचा तंतूच येतो, आणि भिंतीवरील पेटीतच राउटर व वायफाय एकत्र असतात. म्हणजे जुना वाद मिटला. परंतु त्याच्या जागी नवा उभा राहिला, आणि गंमत अशी की दोन्हींतील मोहाचे कारण एकच आहे. तेव्हा म्हणत, ‘कार्ड कशाला? यूएसबी लावा.’ आता म्हणतात, ‘तार कशाला? वायफाय आहे ना!’

येथे इथरनेट या नावाचा इतिहास विद्यार्थ्यांनी ऐकावा असा आहे. पूर्वी शास्त्रज्ञांची अशी समजूत होती की प्रकाशाच्या लाटा वाहून नेण्यासाठी सर्व अवकाशात ईथर नावाचे एक अदृश्य द्रव्य भरलेले असले पाहिजे. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ली यांनी ते शोधण्याचा प्रसिद्ध प्रयोग केला आणि त्यांस ईथरचा मागमूस लागला नाही. पुढे १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी संगणक एकमेकांस जोडण्याची योजना मांडली. एक जाड केबल सर्व खोल्यांतून जाते, सर्व संगणक तिच्यावरच बोलतात आणि तिच्यावरच ऐकतात. म्हणून त्यांनी तिला त्या मृत द्रव्याचे नाव दिले. त्यांस ही कल्पना सुचली ती हवाई विद्यापीठाच्या अलोहानेट या बिनतारी यंत्रणेवरून! बेटाबेटांवरील केंद्रे रेडिओवरून एकमेकांस संदेश पाठवीत. दोघे एकदम बोलले की दोघांचेही बोलणे वाया जाई. मग प्रत्येकाने थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावे, असा तेथला नियम होता. मेटकाफ यांनी तो नियम सुधारून तारेवर आणला. आरंभी त्या तारेचा वेग सेकंदास २.९४ मेगाबिट एवढाच होता. २०२२ सालचे ट्यूरिंग पारितोषिक त्यांस याच कामासाठी मिळाले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की ‘एकाने बोलावे, बाकीच्यांनी थांबावे’ हा नियम आजच्या इथरनेटमध्ये उरलेला नाही. आता प्रत्येक संगणकास राउटरपर्यंत स्वतःची तार असते, आणि तीत जाण्याची व येण्याची वाट वेगवेगळी असल्याने कोणास थांबावे लागत नाही. वायफाय मात्र अजून त्याच जुन्या सभेत बसलेले आहे. १९९७ साली त्याचे पहिले मानक ठरले. तेव्हापासून त्याचा वेग शेकडो पटींनी वाढला, परंतु हवा एकच, ती सर्वांची, आणि तिच्यात एका वेळी एकानेच बोलावयाचे. आईच्या फोनावर चित्रफीत चालू आहे, धाकटा खेळ खेळतो आहे, शेजारच्या घरचे वायफायही त्याच लाटेवर आहे. या सर्वांच्या मधून आपल्या वर्गातील गुरुजींचा आवाज वाट काढीत येतो. वर्गास लागणारा वेग तसा थोडा असतो, सेकंदास दोन-चार मेगाबिट. त्यास कमी पडते ते सातत्य. शंभर मेगाबिटांची जोडणी असूनही आवाज तुटतो, म्हणून पालक चिडून दोनशेची घेतात. तरीही तो तुटतोच. कारण अडचण पाटात नसते, शेवटच्या वीस फुटांत असते.

त्यातून आपल्या गावची घरे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगतच्या या गावात जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, हात-दीड हात जाडीच्या. नव्या घरांत लोखंडी सळ्यांचे स्लॅब. कोठे मागल्या खोलीवर पत्रा. रेडिओच्या लाटांस यांपैकी काहीच मानवत नाही, आणि लोखंडाचा पत्रा तर त्या परतूनच लावतो. वायफायच्या दोन लाटा असतात. २.४ गिगाहर्ट्झची लाट भिंतीतून बरी जाते, परंतु तिच्यावर गर्दी फार; मायक्रोवेव्हची भट्टीही तीच वापरते. ५ गिगाहर्ट्झची लाट वेगवान आणि मोकळी, परंतु एका जाड भिंतीपलीकडे ती दमते. जुन्या वाड्यात माजघर ओलांडून मागल्या खोलीत बसलेल्या मुलाने वायफायवर परीक्षा द्यावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. अशा वेळी काही लोक मध्ये एक्स्टेंडर नावाची पेटी लावतात. ती ऐकलेले पुन्हा बोलून दाखविते. तिची साधी जात एकाच लाटेवर ऐकते व बोलते, म्हणून वेग सुमारे निम्मा होतो. तिच्या किमतीत सबंध घरात तार फिरवून होईल.

तारेवर घेतले जाणारे आक्षेप आम्हास ठाऊक आहेत. पहिला आक्षेप गृहिणींचा असतो आणि तो रास्त आहे: तार दिसावयास वाईट, झाडताना अडते, पाय अडखळतो. त्यास उपाय एवढाच की ती जमिनीवरून नेऊ नये. छताखालून किंवा दाराच्या चौकटीवरून पट्टीत बसवून न्यावी, आणि विजेच्या तारांपासून वीतभर दूर ठेवावी. दुसरा आक्षेप असा की नवीन लॅपटॉपना इथरनेटचे तोंडच नसते. हे खरे आहे. त्यासाठी एक लहानसा जोडखटका मिळतो. त्याचे एक टोक यूएसबीत जाते व दुसऱ्या टोकास इथरनेटची तार लागते. ज्या यूएसबीस मोडेमजवळून आम्ही उठविले, तीच येथे आपल्या खऱ्या जागी, संगणकाची चाकर म्हणून, उपयोगी पडते. फक्त तो खटका यूएसबीच्या तिसऱ्या पिढीचा घ्यावा. दुसऱ्या पिढीच्या खटक्यात हजार मेगाबिटांची तार अर्धी वाया जाते.

ज्या घरी केबल नाही आणि फोनावरच सर्व भागवावे लागते, त्यांची संख्या आपल्याकडे लहान नाही. त्यांनीही हे ध्यानी घ्यावे. फोनाचे वायफाय चालू करून संगणक त्यास जोडण्याऐवजी फोन यूएसबीच्या तारेनेच संगणकास जोडावा आणि फोनामध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. जोडणी स्थिर राहते, फोन कमी तापतो, आणि वर्ग चालू असताना त्याची बॅटरीही भरत राहते. फोन खिडकीत ठेवून लांब तार आत आणली तर आणखी बरे.

आता विजेविषयी. चैत्र-वैशाखात आपल्याकडे वळीव येतो तो गडगडाटासह येतो, आणि त्या एका तासात तालुक्यातील किती मोडेम जळत असतील कोण जाणे. टीव्हीची जाड केबल किंवा टेलिफोनची तार तांब्याची. ती खांबाखांबांवरून उघड्यावर येते, आणि जवळपास वीज पडली तर तिचा धक्का घरात आणते. तो मोडेममध्ये शिरतो. मोडेम यूएसबीने जोडलेला असला तर तेथून पुढे अडथळा असा नाही. कारण दोहोंची जमिनीची तार एकच असते. इथरनेटच्या तोंडात मात्र एक लहान ट्रान्सफॉर्मर असतो. एका वेटोळ्यातील लहर चुंबकत्वाने दुसऱ्या वेटोळ्यात उमटते, तारेस तार टेकत नाही. आणि त्याने १५०० व्होल्टांपर्यंतचा दाब अडवावा अशी मानकातील कसोटी आहे. हा ट्रान्सफॉर्मर आपल्या संगणकाचे रक्षण करीत बसलेला असतो, एवढे दहावीच्या मुलांनी जाणून घ्यावे. मात्र प्रत्यक्ष विजेपुढे त्याचेही काही चालत नाही. म्हणून ढग गडगडू लागले की खांबावरून आलेली तांब्याची तार आणि विजेचा खटका, दोन्ही काढून ठेवावी.

काचेचा तंतू वीज वाहत नाही, ही त्याची मोठीच सोय आहे. तथापि खांबांवरून येणाऱ्या काही तंतूंच्या आवरणात आधारासाठी पोलादी तार असते; ती घराबाहेरच कापलेली आहे ना, हे बसविणाऱ्यास विचारून घ्यावे. तंतू काटकोनात दुमडू नये. आतला प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. आणि त्याचे टोक निघाले असता कुतूहलाने त्यास डोळा लावू नये. तो प्रकाश डोळ्यास दिसत नाही, म्हणून तो नाही असे नव्हे.

मेज कोठे ठेवावे, याविषयी मात्र आमचे आणि कित्येक पालकांचे जमत नाही. त्यांचे म्हणणे असे की वायफाय असल्यामुळे मुलगा कोठेही बसून अभ्यास करू शकतो. आमचा अनुभव असा की जो कोठेही बसून अभ्यास करू शकतो तो बहुधा अंथरुणात बसून करतो, दार लोटून घेतो, आणि थोड्या वेळाने अभ्यास राहतो बाजूस. तारेने जोडलेला संगणक जागचा हलत नाही. त्यास मेज लागते, खुर्ची लागते, दिवा लागतो. म्हणजे अभ्यासास जागा मिळते. मुलावर पाळत ठेवावी असे आम्ही म्हणत नाही. येता-जाता आईची नजर पडणे आणि पाळत ठेवणे यांत अंतर आहे, आणि ते मुलांस बरोबर कळते.

तेव्हा मेज सोप्यात ठेवावे काय? येथे एक अडचण आहे, आणि ती विशेषतः मुलींची. सोपा ही पाहुण्यांची जागा. कोणी आले की मुलगा तेथेच बसून राहतो. मुलीस मात्र उठावे लागते, चहा करावा लागतो, आणि पाहुणे जाईपर्यंत संगणकाकडे परत येता येत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये किती मुलींचे वर्ग अशा रीतीने अर्धवट राहिले असतील! म्हणून आमचे सांगणे असे की तार सोप्यात संपवू नये. ती माजघरात किंवा माडीवरच्या उघड्या खोलीत न्यावी, जेथे घरचे लोक येतात-जातात परंतु पाहुणे बसत नाहीत. १०० मीटरांची मुभा आहे. कुरुंदवाडात तेवढे लांब घर कोणाचे आहे?

तार विकत घेताना एक काळजी घ्यावी. जयसिंगपूर किंवा इचलकरंजीच्या बाजारात ती मीटरवर मिळते. वरून सर्व सारखीच दिसते. परंतु स्वस्त तारेत पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ती ठिसूळ असते व दूर अंतरावर कमी पडते. टोक चाकूने खरवडून पाहावे. आत पांढरी धातू दिसली तर ती परत करावी. पाचव्या श्रेणीची सुधारित किंवा सहावी श्रेणी घरास पुरते. तारेत आठ बारीक तारा चार जोड्यांनी पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नव्हे. टेलिफोनचे जनक बेल यांनी १८८१ सालीच त्याचे पेटंट घेतले होते. बाहेरचा त्रास दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दोहोंतील फरक मोजताना तो वजा होऊन जातो, हे त्याचे रहस्य. बीजगणितात दोन्ही बाजूंतून समान पद वजा करणारी मुले हे चटकन ओळखतील.

खटका बसविण्याचे काम नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः शिकावे असे आम्हास वाटते. खटक्याची खिटी खाली करून धरावी आणि डावीकडून या क्रमाने तारा घालाव्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांस क्रम एकच. क्रमात निळी जोडी हिरव्या जोडीच्या पोटात जाते, तेथेच बहुतेकांची गफलत होते. काही कारागीर घाईत चारच तारा लावतात. जोडणी चालते, परंतु वेग १०० मेगाबिटांवर अडतो, कारण हजारास आठही लागतात. संगणकाच्या नेटवर्कच्या पानावर हा आकडा दिसतो. आकडा १०० असेल आणि पेटी व संगणक दोन्ही हजाराचे असतील, तर टोक कापून पुन्हा बसवावे.

पेटीचे वायफाय फोनांसाठी चालू ठेवावयाचे असल्यास तिच्यावर मूळचा पासवर्ड राहू देऊ नये. जोडणी ज्याच्या नावे असते त्यासच पुढे जाब द्यावा लागतो, आणि तो बहुधा विद्यार्थ्याचा बाप असतो. केबल मोडेम असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: तो मोडेम पुष्कळदा प्रथम जोडलेल्या यंत्राचाच क्रमांक मनात धरून बसतो. संगणक बदलला किंवा मध्ये राउटर घातला की जोडणी बंद पडल्यासारखी दिसते. तक्रार करण्यापूर्वी मोडेमचा वीजखटका काढून दोन मिनिटांनी पुन्हा लावावा.

राहता राहिली पेटीची जागा. ती बसविणारा माणूस दाराजवळ, कमरेच्या उंचीवर बसवून जातो. कारण बाहेरची तार तेथे आत येते. परगावी हे चालेल. आपल्या गावी २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत काय झाले हे सर्वांनी पाहिले आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या दोन्ही वर्षी पाणी तेथे ५५ फुटांच्या वर गेले, आणि खाली संगमाशी आपली काय गत झाली ते सांगावयास नको. अशा दिवसांत बंधाऱ्याची पातळी आणि अलमट्टीचा विसर्ग या दोन आकड्यांकडे सर्व गावाचे डोळे लागलेले असतात, आणि आता ते आकडे याच पेटीतून घरात येतात. तेव्हा बाहेरून येणारी तारच वर घेववावी, आणि पेटी माडीवर किंवा निदान उंच फडताळात बसवावी. शेजारी १२ व्होल्टांची लहान बॅटरी ठेवावी, म्हणजे वीज गेल्यावरही ती काही तास चालते. बसविणारा माणूस दोन मीटर तारेचे जादा पैसे मागेल. ते द्यावे. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ ज्यांच्या घरी अजून दिसते त्यांस किती उंच, हे विचारावे लागणार नाही.